साडेपाच तासांचा फरक

विट्यात रात्री अकरा वाजता
मागच्या खोलीतला पंखा बंद ठेवून
मी लॅपटॉप सुरू करते
आणि लगेच एफ-टू दाबत राहते,
टक टक टक टक.
एक सेकंद चुकला की विंडोज उठून बसतं,
मग त्याला नीट निजवून पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या खेपेला निळा पडदा.
इथे माऊस चालत नाही.
बाणाच्या कळांनी एकेक पायरी उतरायची,
आणि कुठल्याही ओळीला चुकून एंटर लागू द्यायचं नाही.

शाहीन तांबोळी फोनवर म्हणाली होती,
आधी बिटलॉकरची किल्ली लिहून घे.
अठ्ठेचाळीस आकडे. फोटो नको, वहीत.
नंतर रडत माझ्या दुकानात यायचं नाही.
लिहिले. नानांच्या कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर,
जिच्या पहिल्या पानापासून
सेलमच्या दुकानातल्या लगडींची वजनं आहेत,
मिलिग्रॅमपर्यंत.

दुकान आता धाकटा मामा बघतो,
हिशेब अजून नानांकडेच.
सतरा वर्षांची गलाई त्या टॅलीत आहे,
इंग्रजी अक्षरांतली तमिळ नावं,
आणि काहींच्या पुढे मराठीत शेरा:
माणूस चांगला. उधार देऊ नये.
मला फक्त ऐंशी जीबी हवेत.

वाटणी म्हटलं की आमच्याकडे
मोजणीचा माणूस, हद्दीचे दगड
आणि पुढची वीस वर्षं चुलत्यांचं न बोलणं.
इथे तर पडद्यावर एक पट्टी थोडी डावीकडे ओढायची.
ओढली.
हाताला घाम आला होता हे खरं.

फास्ट स्टार्टअप: बंद.
कारण त्यात विंडोज झोपत नाही, डोळे मिटून पडतं,
आणि डिस्कची कडी आतून धरून ठेवतं.
सिक्युअर बूट: राहू दे, शाहीन म्हणाली.
सगळे बंद करायला सांगतात,
पण उबुंटूकडे शिक्क्याची चिठ्ठी आहे, आत घेतील.
स्टोरेज: एएचसीआय. हे नशिबाने आधीच तसं होतं.
बूटचा क्रम: इथे मी बराच वेळ थांबले.
उबुंटू वर घेतलं,
पण त्याच्या यादीत लिहून ठेवलं,
दहा सेकंद कुणी काहीच दाबलं नाही
तर नानांचं उघडायचं.

झोपायला दोन वाजले.

पाचला नाना उठले. भट्टी सुटली, सवय सुटली नाही.
हाक आली.
विंडोज उघडलेलं, टॅली उघडलेली, एकही लगड हरवलेली नाही,
फक्त कोपऱ्यात रात्रीचे साडेअकरा
आणि तारीख कालची.

मी सांगत बसले, की माझ्या बाजूचं जे आहे
ते घड्याळ ग्रीनिचचं धरतं,
तुमचं विट्याचं धरतं,
मशीनमध्ये घड्याळ मात्र एकच.
नाना ऐकत होते की नाही कळेना.
"ह्याचा काल अजून सरला न्हाई वाटतं," म्हणाले.
मग चष्मा काढून,
"सेलमला पहिली चार वर्सं
सकाळी उठल्या उठल्या
कुठली भाषा बोलायची ते ध्यानात यायचं न्हाई.
म्हणून आधी पाणी प्यायचो."

एवढंच. पुढे काही नाही. आकडे तपासायला लागले.

त्या रात्री मी एका ओळीची आज्ञा दिली,
माझ्या बाजूने,
की घड्याळ इथलंच खरं.
टर्मिनल जरा कुरकुरलं, ही पद्धत बरी नव्हे म्हणून,
पण ऐकलं.

आता रोज पहाटे यादी येते,
काळ्यावर पांढरी, दोन नावं,
आणि खाली सेकंद उतरत जातात.
नाना, बाणाने खाली जाऊन एंटर दाबलं की लगेच उघडेल,
मी अंथरुणातूनच सांगते.
"असू दे," म्हणतात,
आणि तांब्या तोंडाला लावल्याचा आवाज येतो.