मुरड

सत्तावीस वर्षं योएन्सूच्या लाकूडगिरणीत
तौनोनं करवतीची पाती बदलली.
निवृत्तीच्या पहिल्या सोमवारी अंडं उकडलं,
घड्याळ लावून, सात मिनिटं.
उरलेला दिवस तसाच उरला.

मग एकदम क्रोसाँ.
लोण्याचे पदर म्हणे सत्तावीस, नोकरीइतकेच.
ओट्यावरून ओघळले, कुत्रीनं चाटून पुसले,
आणि तो तीन दिवस
स्वयंपाकघराकडे फिरकलाच नाही.

खालच्या मजल्यावरची हिल्क्का दारातच म्हणाली,
"हाताला थोडं कळेल, थोडं नडेल
असं काहीतरी घे की,"
आणि रायच्या काळपट पिठाची पिशवी
उंबऱ्यावर टेकवून गेली.

बाहेर तळं गोठलेलं. आत
दुधात भात गिजगा होत आलेला.
पारी कडेला फाटते, मधे जाड राहते.
तौनो लाटण्याला शिवी देतो, हळू आवाजात,
भात पसरतो, कडा उचलून
जाड बोटांनी मुरड घालतो.
हौसेला घालणं सोपं होतं,
पिठाला नाही.

पहिली बुटासारखी.
चौथीला होडीचा आकार, पण तळ फुटका.
अकरावीपाशी तो थांबतो,
चष्मा कपाळावर सरकवतो,
पुन्हा एकदा बघतो.

रात्री त्यातल्या पाच बऱ्यापैकी
फडक्यात बांधून खाली पोचवल्या.
बाकीच्या भट्टीपाशी, उभ्यानंच.
वर कुस्करून
एक उकडलेलं अंडं, आणि
त्या दिवसाचं उरलेलं लोणी.