सोमवार, गुरुवार

सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी नऊला
मी उंदरांना तेल लावते.

शंभर उंदीर. ब्रश चित्रकाराचा असतो तसा, सहा नंबरचा.
दोन खांद्यांच्या मधली जागा
आदल्या दिवशी कातरून ठेवलेली, नखाएवढी, गुलाबी.
ब्रश निपटायचा बाटलीच्या कडेला, मग टेकवायचा.
उंदीर डोळे मिटतो.
डॉक्टर फेअरब्रदर म्हणतात, गुदगुल्या होतात, दुखत नाही.
मला विचाराल तर त्यांना बरं वाटतं.
पंचाईत तीच आहे.

तेल ओल्डमच्या गिरणीतलं, चात्यांना घालतात ते.
वास घरचा.
दाराच्या खिळ्याला टांगलेली बापाची विजार,
पुढून काळी, ताठ, तुळतुळीत.
आई म्हणायची, उभी केली तर एकटीच कामाला जाईल.

सेथ शोरॉक, सूत कातणारा, बेचाळीस वर्षं.
तापलेल्या तेलकट फळ्यांवर अनवाणी,
गाड्यामागे जायचं, गाड्यासोबत यायचं,
धागा तुटला की दांडीवर ओणवं होऊन जोडायचा.
दिवसातून कितीदा, कोण मोजतो.
दांडी मांडीच्या वर लागते. तेल तिथे मुरतं.

तिथेच.
अवघड जागेचं दुखणं.
घरात जावई डॉक्टर नव्हता, मुलगीच होती उंदरांची दाई,
तरी दोन वर्षं त्याने तोंड उघडलं नाही.
आईने चालणं ओळखलं. तेव्हा "चामखीळ आहे" म्हणाला,
आणि शर्यतीच्या घोड्यांचं पान तोंडापुढे धरलं.

तिसावा आठवडा. उंदीर सतरा.
कातरलेल्या जागी बार्लीच्या दाण्याएवढं काहीतरी.
मी भिंगातून पाहिलं, हात धुतले, परत पाहिलं.
डॉक्टर धावत आले. म्हणाले, "सुंदर!"
मग त्यांना आठवलं मी कुणाची मुलगी ते,
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

नाताळपर्यंत चौतीस झाले.
काहींचे दाणे गळून पडले, काहींचे मुळं धरून खोल गेले.
वहीत तीन रकाने: नंबर, माप, शेरा.
शेऱ्यात मी लिहायचे, "खातो आहे", "खात नाही".
रात्री घरी आल्यावर आईलाही तेवढंच विचारायचे.

गिरणीवाल्यांचं पत्र आलं, जाड कागदावर.
उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असं त्यात होतं.
शिवाय जेस विटॅकर, वय सत्तर, तेच तेल, तीच दांडी,
आजही शनिवारी हिरवळीवर गोळे टाकायला येतो,
त्याचं काय?

जेसला मी ओळखते. बापाच्या शेजारच्या गाड्यावरचा.
दवाखान्यात पेअर घेऊन आला होता, रुमालात बांधून,
आणि खाटेच्या कडेला टोपी फिरवत बसला,
जसं काही त्यानेच कुणाचं काही उचललं होतं.

उंदीर त्रेसष्टलाही काही झालं नाही.
एकशेदहा आठवडे त्याच्या कातडीने तेल प्यायलं.
एक डोळा गेला, पाठ वाकली,
हातात घेतला की झोपायचा.
का नाही झालं?
"आपला प्रश्न तो नाही, हेटी," डॉक्टर म्हणाले.
बरोबर आहे.
माझा आहे.

आता नवे शंभर आलेत.
यांना आधी मेंढीच्या लोकरीतली चरबी, मग तेल.
चाळीस आठवडे झाले, दाणे मोजकेच.
डब्यातली चरबी मी थोडी कागदात बांधली, विचारलं कुणालाच नाही,
आणि गिरणीच्या फाटकाशी जेसला गाठलं.
बाप जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

"पोरांना दे," म्हटलं, "कामाला लागण्याआधी लावायची."
त्याने पुडी हुंगली. "कुठे?"
भोंगा झाला होता, बायका पोरं सगळे बाहेर पडत होते.
मी त्या जागेचं नाव घेतलं,
सरळ, मोठ्याने, जसं कोपर म्हणतात, गुडघा म्हणतात.

जेसने इकडे तिकडे पाहिलं.
मग टोपी काढली, पुडी टोपीत ठेवली,
आणि टोपी डोक्यावर घातली.