ऑफिस टाइम

माझगावच्या टेकडीवरच्या बागेत
साडेनऊच्या सुमाराला उमलतात ही फुलं.
नावच पडलंय त्यांचं ऑफिस टाइम.
चौतीस वर्षं मीही याच वेळेला
पालिकेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकायची,
जांभळ्या रंगात बुडवलेल्या रक्तात
हिवतापाचे जंतू शोधायची.
शंभर चौकटी बघायच्या,
मगच लिहायचं : नाही.

आता मॅक्रो लेन्स आहे.
फोर्टातल्या एका बोळात केरसीशेटकडून घेतलेली, जुनी,
कडेला किंचित बुरशी धरलेली.
"फोटोमंदी नाय दिसनार, बाई," तो म्हणाला होता,
आणि नाहीच दिसत.
भावजय म्हणते, एवढ्यात कानातलं झालं असतं.

गुडघ्यांखाली पोतं.
फुलावर इडलीचं फडकं ताणलेलं,
ऊन गाळून घ्यायला.
मग श्वास कोंडायचा.
इथे तांदळाच्या कणीएवढंच जग स्पष्ट असतं :
केसराचं टोक धरलं की पाकळी सुटते,
पाकळी धरावी तर केसर धुक्यात.
वारा गोदीकडून येतो डिझेलचा वास घेऊन
आणि फूल सुतभर हलतं.
सुतभर म्हणजे
अख्खं गाव उठून पलीकडे गेल्यासारखं.

त्या दिवशी एक मुंगी आत शिरली
आणि सगळे केसर हळूच तिच्याकडे कलले,
खिडकी उघडल्यावर रांग कलते तसे.
मी बटण दाबणार तेवढ्यात
फोटोत सावली आली.

"पाटी वाचली नाय का? मोठा कॅमेरा चालत नाय हितं."
गोमा. उरणकडचा. इथला माळी.
"शूटिंग नाही हो," मी म्हटलं, "तपासतेय."
हा शब्द कुठून आला कोण जाणे.
त्याला पडद्यावर दाखवलं :
गुलाबी रानात उभे पिवळे खांब,
खांबावर मुंगी, मुंगीच्या पोटावर आभाळाचा ठिपका.
तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी.
"मावा हाय," तो म्हणाला. "ह्यो बघा, देठाखाली.
औषध मारायला लागंल."

आणि मग थोडा थांबून
आंगठा पुढे केला.
"ह्याच्यात काय दिसतं का बघा.
चार दिस ठणकतोय. बोगनवेलीचा काटा.
सुई घालून पायला, गावला नाय."

फुलासारखाच धरावा लागला तो आंगठा,
फडक्याखाली, वाऱ्याआड.
रेषांचे बांध, बांधांत लाल माती,
मिठागरं दिसतात वरून तशी चामडी.
एक चौकट. दुसरी. जरा कलवा.
"हात हलवू नका."
"हलवत नाय, बाई. तुमचाच हलतोय."
खरं होतं.
सातव्या फोटोत, नखाच्या कडेशी,
तपकिरी, तिरपा, केसाएवढा.
पदराची पिन काढली
आणि पडद्यावर एक डोळा, आंगठ्यावर एक,
असा उपसला.

त्याने तो तळहातावर घेतला, बघितला,
"येवढाच?" म्हणाला,
आणि फुंकून टाकला.

रात्री फोटो पुसत बसले.
फुलांचे एकशे ऐंशी, त्यातले बरे चार.
मुंगी हललेली.
आंगठ्याचा तो सातवा मात्र लख्ख.
मोठा करत गेले तर
मातीच्या चिरेत परागाचे तीन दाणे,
गोल, काटेरी, कुणीही न मागितलेले,
आणि नेमके तेच स्पष्ट.
जुन्या सवयीने मोजले पुन्हा. तीनच.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गेले
तर गोमाने औषध मारलेलं.
पाकळ्या ओल्या, वास उग्र,
मावा नाही. मुंग्याही नाहीत.
लांबून, पाइप खांद्यावर टाकून,
त्याने आंगठा वर करून दाखवला.
मी पोतं अंथरलं.
वारा होताच.