बे, वे, आ

बझांसोंच्या प्रयोगशाळेत नवा लागलो तेव्हा
मला वाटलं, कुण्या बाईच्या नावाची आद्याक्षरं असतील.
ल्युसियँ म्हणायचा, साहेबांच्या मेलेल्या कुत्रीचं नाव.
पावत्यांवर, खोक्यांवर, कपाटाच्या किल्लीवरसुद्धा
तीच तीन अक्षरं :
बे, वे, आ.

शेवटी ग्रोपेरँबाईंना विचारलं.
त्या क्वार्ट्‌झच्या चकत्या घासायच्या,
नखांच्या कडा कायमच्या पांढऱ्या.
डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाल्या,
"बे म्हणजे डबी. वे म्हणजे म्हातारं होणं.
आ म्हणजे सुधारलेलं."

म्हातारपण सुधारलेली डबी.

मी हसलो. जगातल्या इतक्या अचूक वस्तूचं
हे असं बारसं?
अढळ म्हणायचं, अक्षय म्हणायचं, गेला बाजार
एखादा तारा तरी!
बाई हसल्या नाहीत.
"स्फटिकाचंही वय होतं," म्हणाल्या.
"सूर उतरतो. रोज किंचित.
अंगावर चढवलेलं सोनंच त्याला थकवतं.
म्हणून सोनं काढून समोरच्या चकतीवर ठेवलं,
मध्ये फट, काही मायक्रॉनची.
न शिवता थरथरवायचं.
म्हातारा होतोच. जरा बरा होतो, एवढंच.
ज्यानं नाव ठेवलं, तो खोटं बोलला नाही."

त्या वर्षी गावातले घड्याळांचे कारखाने
एकेक करून कुलूप लावत होते.
क्वार्ट्‌झनं खाल्ले, असं लोक म्हणत.
बाईंचा नवरा, आर्माँ, त्यातलाच :
सव्वीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या,
आणि एका मंगळवारी दुपारीच घरी आला,
डबा न उघडता.

खूप वर्षांनी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो.
खाली दू नदी, गढूळ, बेतानं वाहणारी.
जेवणाच्या टेबलावर दोघांच्या मध्ये मिठाची कुपी,
आणि ती तिकडे सरकव म्हणायलाही
कुणी कुणाला सांगत नव्हतं.
जेवण झाल्यावर आर्माँ उठला,
खुर्चीला धरून, थांबत थांबत,
भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला चावी दिली.

घड्याळ चार मिनिटं मागे होतं.
मी बाईंकडे पाहिलं.
सेकंदाचे अब्ज तुकडे करून त्यातला एक हरवला
तरी ज्यांना आयुष्यभर झोप लागली नाही,
त्या चीज कापत होत्या.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं. त्याला.
त्यानं सांगितलं.
त्यांनी मान डोलावली,
आणि माझं मनगटावरचं घड्याळ
मी हळूच बाहीखाली घेतलं.