किल्ली माझ्याकडे असते

दर अकरा दिवसांनी ते पांढरं जहाज येतं.
जहाज कसलं, चोवीस माणसांचं,
आमच्या बटाट्यांच्या होडीची थोरली बहीण.
मोठी जहाजं चिलोएच्या बाहेरूनच जातात,
रात्री दिव्यांनी लगडलेली.
त्यांना इथलं पाणी पुरत नाही.
याला पुरतं.

भरती असली तर रबरी होडी थेट पायऱ्यांना लागते.
ओहोटीला समुद्र पार त्या खडकांपलीकडे जाऊन बसतो,
मग चोवीस माणसं चिखलातून
शिंपले तुडवत, एकमेकांचा हात धरून येतात,
वाट चुकलेल्या वऱ्हाडासारखी.
मी खिडकीतून बघते. घाई करत नाही.
किल्ली माझ्याकडे असते.

वीतभर लोखंड. सासूकडून आलेलं.
तिला तिच्या सासूकडून.

ते विचारतात, चर्च किती जुनं?
खरंच एकही खिळा नाही?
मी म्हणते, नाही. सगळ्या लाकडी खुंट्या.
छताची फळी सुटली तेव्हा रोसामेलने बारा ठोकले होते,
ते सांगत नाही.
नायारेत माझं बोलणं त्यांच्या भाषेत करते.
माझ्या चार शब्दांची तिच्याकडे चौदा वाक्यं होतात.
त्यात मी काय काय बोललेली असते, देव जाणे.
लोक माझ्याकडे बघून माना डोलावतात.
मग मीही डोलावते.

वाईट नाहीत ती माणसं. वाचून येतात.
कुणी बटाट्यांची नावं वहीत उतरवतं,
कुणी खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर
शिंपले किती वेळ ठेवायचे ते विचारतं,
जणू घरी जाऊन लगेच अंगण खणणार आहे.
देणगी ऐच्छिक, असं पाटीवर लिहिलंय.
पाटी मी दारातच ठेवते.

मागच्या खेपेला एक उंच म्हातारा होता, एस्टोनियाचा.
त्याने काही विचारलं नाही.
चिखलाचे बूट काढले,
आणि मोज्यांवर आत येऊन
मधल्या वाटेवर सरळ आडवा झाला.
मला वाटलं, भोवळ.
पाणी आणायला वळले, तर त्याने बोट वर केलं
आणि एकच शब्द बोलला.
नायारेतनेही या वेळी एकच शब्द सांगितला:
नाव.

संध्याकाळी पाणी चढलं, जहाज गेलं.
मी दार आतून लावलं.
एक्केचाळीस वर्षं ही जमीन झाडतेय,
इथली गाठ न् गाठ माझ्या गुडघ्यांना ठाऊक.
वर बघायचं ते फक्त गळायला लागल्यावर.
आडवी झाले. पाठ कुरकुरली, का फळी, कोण जाणे.

तर खरंच.
कणा. फासळ्या. फळीला फळी चिकटलेली.
बांधणारे होडीचेच सुतार,
त्यांना दुसरं काय येणार होतं?
एक मोठी होडी बांधली आणि उलटी करून ठेवली.

उलटी झालेली नाव, आतून.

रोसामेलची होडी उत्तरेच्या वाऱ्यानंतर
तिसऱ्या दिवशी सापडली.
किनाऱ्यावर मला दाखवला तो तिचा तळ.
हिरवा. मीच रंगवलेला.
आतून कशी दिसत होती,
ते कुणी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.
चोवीस-चोवीस परकी माणसं येऊन
भलभलतं विचारून जातात,
आणि मला एवढं विचारता आलं नव्हतं.

अंधार पडेपर्यंत तशीच राहिले.
खिडकीतून शेवटचा उजेड वर गेला
तेव्हा त्याचे खिळे दिसायला लागले.
मोजले. अकराच भरले.
पुन्हा मोजले.

काल जहाज आलं.
चोवीसच्या चोवीस चिखलाने माखलेले.
नायारेतला म्हटलं, आज आधी बूट काढायला सांग.
मग आडवं व्हायला.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
आणि खिळ्यांचं कुणी विचारलंच,
तर सांग, बारा आहेत.
अकरा दिसतील.
बारावा त्यांना शोधू दे.