लूबियाखालची माती

दिवसभर मी त्यांची नावं लावते :
हा लघवीतला, हा जखमेतला, हा कुणाच्या छातीतला.
इस्पितळाच्या तळमजल्यावर
लाल तबकड्या उजेडाला धरते,
कोणत्या औषधाने कोण मरेल ते लिहून वर पाठवते.
खाली सही : हेमलता रेडीज.

संध्याकाळी मुहर्रकच्या गच्चीवर
त्याच हातांनी वालाची मुळं उकरते.
तिसरी खेप होती.
मूळ ओढलं की साल बोटात, आत नुसता दोरा
आणि बंद पडलेल्या फ्रीजचा वास.
माती पोत्यातून आलेली, काथ्याची, धुतलेली, भाजलेली,
इतकी स्वच्छ की तिच्यात कुणीच राहत नव्हतं.
रिकामं घर दिसलं की आधी शिरते ती बुरशी.
हे मला कळायला हवं होतं,
पगार त्याचाच घेते.

दुकानातून पुडी आणली. बॅसिलस, पांढरी पूड.
पाण्यात गुळाचा खडा टाकून रात्रभर झाकली.
सकाळी फेस, आणि आंबूस, ताकासारखा वास.
"घरी पण तेच?" नवरा म्हणाला.
कुज थांबली. झाडं जगली,
पण नुसत्या पेजेवर माणूस जगतो तशी, फिकट.
मुळं पांढरी, सरळ.
गाठ एकही नाही.

शनिवारी बुदय्याच्या बाजारात
अब्दुन्नबींना विचारलं.
माझं अरबी नमुन्याच्या बाटलीपुरतं :
नाव काय, वय काय, उपाशी आहात का.
त्यात वालाचं मूळ कुठे बसवू?
त्यांच्याच पावतीमागे चित्र काढलं,
मूळ, आणि मुळावर मोहरीएवढ्या गाठी.
ते हसले. पुढच्या शनिवारी
लबनेच्या डब्यात माती घेऊन आले,
ओलसर, काळपट, झाकणाखाली फडकं.
लूबियाच्या वाफ्यातली, म्हणाले.
लूबिया म्हणजे आपली चवळी.
पैसे घेतले नाहीत. डबा मात्र परत आण, म्हणाले.

चवळीचं विरजण वालालाही लागतं.
मी चमचा चमचा घातलं, कुंडीच्या कडेने.
विरजण मागताना कुणी विचारतं का
कुणाच्या म्हशीचं?

चाळिसाव्या दिवशी एक रोप उपटलं.
जीव तुटला, पण नमुना घ्यायलाच हवा.
मुळाच्या वळणावळणाला गाठी.
एक नखाने चिरली :
आत गुलाबी.
बाळाच्या हिरडीसारखं.
चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा बघितलं.

आत लाखो जण कामाला.
हवेतला नत्र ओढून झाडाला देतात,
बदल्यात साखर. राहायला खोली,
जेवण मालकाचं, बाहेर जाणं नाही.
असल्या कागदावर मी कुठेतरी सही केलीय.

नवऱ्याला दाखवलं. तो बंदरात क्रेन चालवतो, बारावं वर्ष.
"आणि मुदत?" त्याने विचारलं.
शेंगा भरेपर्यंत. मग झाड साखर बंद करतं,
गाठी हिरव्या पडतात, फुटतात.
"आणि हे?"
मातीत परत. आले त्याहून कितीतरी जास्त.
डोक्यावरून एक विमान गेलं,
इतकं खालून की वेल हलला.
बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला,
नळी जरा हळू सोड, वाहून जातील.

फेब्रुवारीत डाळिंब्या सोलल्या.
कोकम, गूळ, ओलं खोबरं.
डबा रिकामा परत करायचा नसतो.
अब्दुन्नबींनी काट्यावर फक्त एक दाणा घेतला,
चावला, तोंड वाकडं केलं.
मुर्र, म्हणाले. कडू.

आणि दुसरा टोचला.