डोळ्यांपुरती धार

दोन भिंगं टेबलावर.
एक वाझाच्या दुकानातलं, वापरलेलं, साठ लारीचं,
आत बुरशीचा एकच धागा,
पडीक रानातल्या पायवाटेसारखा.
दुसरं तिबिलिसीहून आणलेलं, चार दिवसांच्या बोलीवर.
त्याची किंमत मी कुणाला सांगितलेली नाही,
आईला तर नाहीच.

आणि ते एकटं येत नाही.
त्याचं तोंड माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी जुळत नाही,
म्हणजे कॅमेरा नवा, मग बॅटऱ्या,
मग लांब पल्ल्याचं आणखी एक,
सोयरीक एकाशी करावी
आणि गणगोत मुक्कामाला यावं तसं.
ती काच घ्यायची
तर छत्तीस हप्त्यांचा हा काच सोसायचा.

मी कुतायसीत म्हाताऱ्यांचे फोटो काढते.
इथे माणूस गेला की त्याचा चेहरा
काळ्या दगडावर कोरतात,
कधी पूर्ण उंचीचा, कोट घातलेला,
हौशी असला तर बोटांत सिगारेटसुद्धा.
शहाणी माणसं आधीच येऊन बसतात माझ्या स्टुलावर.
"घाई नाही," म्हणतात, "पण असलेला बरा."

मंगळवारी नाझिब्रोलाबाई आल्या,
पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या.
दोन्ही भिंगांनी एकेक काढला.
नव्याने काहीच पोटात ठेवलं नाही:
ओठांवरची लव, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक,
वीज नसलेल्या त्या हिवाळ्यात
लाकूड फोडताना उडालेल्या ढलपीचा व्रण.
जुन्याने कडा विरघळवल्या,
मागचा पडदा गरगरवला,
मधे बाई, दुधात पडल्यासारख्या.

त्यांनी चष्मा पुसला.
"ही मी," नव्याकडे बोट.
"आणि ही मला आठवते ती."
मग, शिक्षिकेच्या आवाजात:
"यातल्या कशाचे पैसे जास्त?"
सारखेच, म्हटलं.
"मग तुझं गणित कच्चं आहे, लामारा."

दगड कोरणारा ज्युम्बेर
अंगणात, भुवयांपर्यंत धूळ.
हिऱ्याच्या टोकाने तो ठिपके मारतो,
दिवसाला एक गाल, फार तर दीड.
दोन्ही फोटो उन्हात धरून म्हणाला,
"लव दगडाला कळत नाही. सुरकुत्या मी माझ्या घालतो.
मला डोळे दे.
बुबुळात खिडकीची चौकट पडते ना,
तेवढी दे, बाकीचं दगड बघून घेईल."
जुन्या भिंगाचा फोटो त्याने परत केला.
"यात खिडकी नाही."

रात्री हिशेब मांडला, खोडला,
पुन्हा मांडला.
घरभाडं तिथेच होतं. हप्ता तिथेच होता.
सकाळी स्टूल ओढलं खिडकीजवळ, दोन फरशा.
जुन्याचं छिद्र आठवर आणलं,
शटर सावकाश केलं,
आणि शेजारच्या शोताला बसवून सांगितलं, श्वास धर.
आली.
चार तावदानं, त्यांतल्या एकाला तडा,
माझीच खिडकी, दुसऱ्याच्या डोळ्यात.
कडा अजून मऊ होत्या.
कुशीवर वळलेल्या माणसासारखा
बुरशीचा धागा कुठे दिसला नाही.

खरं सांगते, तरी मन मानलं नाही.
दिवसभर नवं हातात घेऊन फिरले,
त्याची रिंग फिरवली नुसती,
तेलातून बोट फिरावं तशी.

चौथ्या दिवशी पहाटे,
तिबिलिसीची व्हॅन सुटायच्या आधी,
आई स्वयंपाकघरात अक्रोड फोडत होती.
टरफलाच्या रसाने बोटं काळी, तोंडात अर्धा अक्रोड,
केस विंचरायचे राहिलेले.
"माझा नको," म्हणाली, "मी मरत नाहीये."
एकच काढला. छिद्र पूर्ण उघडं.
तो दगडासाठी नाही.

दुकानातल्या पोराने भिंग उजेडात धरलं,
पुढून, मागून,
विजेरी लावून आतूनही पाहिलं.
"एक ओरखडा नाही," म्हणाला,
आणि अनामत मोजून परत केली.